सिस्टम मॅनेजरचं स्पेलिंग

६ जानेवारी २०२५
नवी डायरी. पहिली पानं कोरी राहिली असती, ती ब्लेडने कापून काढली. आता डायरी सहा तारखेलाच सुरू होते आणि उशीर झाल्यासारखं दिसत नाही.

आज सेठजींनी आत बोलावलं. सेठजी म्हणजे ओमप्रकाशजी, आमच्या कारखान्याचे मालक. आम्ही कन्व्हेयरचे लोखंडी भाग बनवतो. मी डिस्पॅचच्या खिडकीवर बसतो, चलान लिहितो. सेठजींच्या साडूने रायपूरच्या एका प्रदर्शनातून 'सर्वसुलभ प्लस' नावाचं सॉफ्टवेअर आणलं, म्हणून यांनीही आणलं. म्हणाले, रेडीमेड शर्टासारखं असतं, बटणं लावायची आणि घालायचं. "तेरी स्पेलिंग अच्छी है, तू देख ले."

एक एप्रिलपासून ऑर्डर, माल, बिल, गेट पास, सगळं त्यातूनच निघालं पाहिजे. निघालं तर मी सिस्टम मॅनेजर. काचेची छोटी केबिन माझी. दारावर पाटी. पाटीसाठी त्यांनी माझ्यासमोरच पेंटरला फोन लावला. नाही निघालं तर पुन्हा खिडकी. हे ते हसत म्हणाले, म्हणून मी ते धरलेलं नाही.

घरी सांगितलं. बाबा जूनमध्ये भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर होतील, मग सेक्टर ६ चं क्वार्टर सोडावं लागेल. त्याआधी माझं लग्न व्हावं असं आईचं चाललंय. तिने लगेच दुर्गच्या मावशीला फोन केला, "पोट्टा म्यानेजर झाला." मी म्हटलं, झालो नाही, होणार आहे, आणि उच्चार 'मॅनेजर' असा आहे. आई म्हणाली, तेच.

संकल्प: रोज एक तास सॉफ्टवेअरचा अभ्यास. घरातही शुद्ध बोलायचं, 'मले', 'तुले' बंद. चिडायचं नाही.

७ जानेवारी
अभ्यास उद्यापासून. आज फक्त डबा उघडला. आत एक कागद आणि एक कॅलेंडर. कागदावर 'Wel-come' छापलंय. या शब्दात मध्ये रेघ नसते. चिडलो नाही.

९ जानेवारी
एक गोष्ट स्वतःसाठी लिहून ठेवतो. मी बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलं ते अभ्यास झेपला नाही म्हणून नाही. पेपरमध्ये 'Recieve' छापलं होतं. मी ते परीक्षा घेणाऱ्या सरांच्या लक्षात आणून दिलं. त्यांनी 'बैठ जाओ' म्हटलं. म्हणून मी उत्तरपत्रिकेतच अर्ज लिहिला. अर्ज लांबला, वेळ संपला. पण अर्जात एकही चूक नव्हती.

मराठीसुद्धा मी शाळेत शिकलो नाही. शाळा सगळी हिंदीत. मराठी मंडळाच्या वाचनालयातली पुस्तकं वाचून स्वतः शिकलो. म्हणून माझं मराठी पुस्तकातलं आहे. घरातले लोक बोलतात ते वेगळं.

आमच्या कारखान्याच्या बोर्डावर ENGINERING लिहिलंय. एक E कमी. रोज सकाळी स्कूटर लावताना मी खाली बघतो.

१३ जानेवारी
अभ्यासाला जोरदार सुरुवात. पहिला आयटम भरला: लोखंडी ब्रॅकेट. सॉफ्टवेअर विचारतं, एक्स्पायरी डेट? रकाना रिकामा ठेवला तर लाल होतो आणि पुढे जाऊ देत नाही.

रायपूरच्या सपोर्टला फोन केला. नीतू मॅडम बोलल्या. आवाज फार गोड. म्हणाल्या, हे सॉफ्टवेअर मुळात औषधवाल्यांसाठी बनवलं होतं, आता सगळ्यांसाठी आहे. म्हटलं, आमच्यापुरती एक्स्पायरी काढून टाका. म्हणाल्या, "वो तो कोर में है सर." कोर म्हणजे काय हे विचारलं नाही. होणाऱ्या मॅनेजरने असं विचारणं बरं दिसत नाही.

मग फोरमनला विचारलं. शालिकराम काका आमच्या बाबांच्याच गावचे, भंडाऱ्याकडचे. म्हटलं, काका, लोखंड साधारण किती वर्षं टिकतं? काका म्हणाले, "कावून? मेडिकल टाकून राहिला का?" सगळं वर्कशॉप हसलं. मी शांतपणे ३१ डिसेंबर २०९९ टाकलं. सॉफ्टवेअरने मुकाट्याने घेतलं. पहिलं कस्टमायझेशन यशस्वी.

१४ जानेवारी
कालपर्यंत डेमो लॉगिन होतं, आज माझं स्वतःचं आलं. SIDANT.
माझं नाव SIDDHANT. एक D कुठे आणि H कुठे?
तक्रार नोंदवली. नीतू मॅडम म्हणाल्या, "चल तो रहा है न सर?" प्रश्न चालण्याचा नाही. सिस्टम मॅनेजरचंच नाव चुकलं तर त्या सिस्टमवर विश्वास कोण ठेवणार?

२२ जानेवारी
सॉफ्टवेअरचा नियम: बिल बनवणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा. दुसरा म्हणजे सेठजी. सेठजी कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. एकदा त्यांना कुलरचा करंट बसला होता, तेव्हापासून वायर असलेल्या कुठल्याच वस्तूशी त्यांचं जमत नाही. म्हणून त्यांचं लॉगिन मीच बनवलं, फक्त त्यांच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर चालणारं. त्यातून फक्त मंजूर किंवा नामंजूर करता येतं, बाकी काही नाही. सुरक्षेसाठी.

आता मी माझ्या खुर्चीवर बिल बनवतो, उठतो, सेठजींच्या केबिनमध्ये जातो, मंजूर करतो, परत येतो. फिरणंही होतं.

२३ जानेवारी
आज सेठजींच्या लॉगिनमधून माझंच बिल नामंजूर केलं. 'Fitting' मधला एक t राहिला होता. कारणाच्या रकान्यात 'निष्काळजीपणा' लिहिलं. परत खुर्चीवर येऊन ते वाचलं तेव्हा थोडं लागलं. पण शिस्त म्हणजे शिस्त.

३० जानेवारी
शॉपमधले लोक भागांना जी नावं देतात ती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये बसणार नाहीत. ब्रॅकेटला 'कान'. स्टँडला 'घोडी'. काका खडूने लोखंडावर लिहितात, 'सिमेंट – कान – अर्जंट', आणि माल बरोबर जागी पोचतो. याला सिस्टम म्हणत नाहीत, याला नशीब म्हणतात.

मी सगळ्या भागांची शुद्ध इंग्रजी नावं भरली. काकांना कॉम्प्युटरसमोर बसवून ट्रेनिंग दिलं. काकांनी चष्मा लावला, यादी वरून खाली आणि खालून वर पाहिली. म्हणाले, "माहे कान कुठी हायेत? मले माहे कान सापडून नाई राहिले." पुन्हा सगळे हसले. ट्रेनिंगचं वातावरण राहिलं नाही. काकांना वेळ लागेल. त्यांची पिढीच तशी.

४ फेब्रुवारी
आज एक जुनी जखम बरी केली.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे भिलाई-३ च्या पलीकडची सिमेंट फॅक्टरी. त्यांच्या ऑर्डरवर कायम लिहिलेलं असतं: ROLLAR BRAKET. आणि आम्हीही चलानवर निमूटपणे तेच उतरवतो. खिडकीवर बसून हे दोन शब्द मी किती वेळा लिहिले असतील. प्रत्येक वेळी पेन जड व्हायचा.

आज सर्वसुलभमध्ये ROLLER BRACKET केलं. आयटम लॉक करायची सोय आहे, ती वापरली. आता माझ्या लॉगिनशिवाय कोणीही ते बिघडवू शकणार नाही.

काकांना सांगितलं. काका म्हणाले, "त्याईले विचारलं का?" बरोबर करायला कोणाला विचारावं लागत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
दुर्गला मुलगी बघायला गेलो. दिपाली. मावशीच्या ओळखीतले लोक. नाश्त्याचे आलूगुंडे चांगले होते.

मुलीच्या वडिलांनी कामाचं विचारलं. मी सविस्तर सांगितलं. मध्येच मावशी म्हणाली, मुलगी पण नोकरी करते, फॅक्टरीत, स्टोअरमध्ये कॉम्प्युटरवर बसते. मी म्हटलं छान, आणि पुढे सांगू लागलो. डेटा शुद्ध का असावा, हा विषय होता. उदाहरण म्हणून सिमेंट फॅक्टरीची ऑर्डर सांगितली. म्हटलं, एवढी मोठी फॅक्टरी आणि लिहितात काय, ROLLAR! BRAKET! तिथे कोण अंगठाछाप बसवलाय कोण जाणे.

मुलीच्या वडिलांनी कप खाली ठेवला. मुद्दा पोचला होता. मुलीने पहिल्यांदा वर पाहिलं. विचारलं, "मंग तुमी काय केलं?" म्हटलं, दुरुस्त केलं आणि लॉक केलं. ती म्हणाली, "लॉक बी केलं?" डोळ्यांत कौतुक होतं. मग तिला ठसका लागला. पाणी प्यायला आत गेली ती बाहेर आलीच नाही. लाजाळू आहे.

निघताना तिचे वडील म्हणाले, "मले वाटते, पोरीले विचारून सांगतो." मी हळूच 'मला' म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नसावं.

परतीच्या वाटेवर पॉवर हाउसच्या चौकात बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुले चूप राहाचं काही बटन हाय का रे?" बाबांचा कॉम्प्युटरशी संबंध नाही, तरी शब्द बरोबर वापरला.

२१ फेब्रुवारी
दुर्गहून निरोप नाही. एवढा प्रभाव पडल्यावर लोकांना विचार करायला वेळ लागतोच.
नावाच्या तक्रारीचं काय झालं, असं रायपूरला विचारलं. नीतू मॅडम म्हणाल्या, प्रोसेस में है. दोन्हीकडे प्रोसेस चालू आहे.

३ मार्च
प्रिंटरवर पहिलं बिल काढलं. सुंदर. मथळा ठळक, समास सारखे. फक्त तळाशी इंग्रजीत दोन ओळी आपोआप येतात: थंड आणि कोरड्या जागी ठेवा. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

त्या ओळी काढण्याबद्दल फोन केला. कोर में है.

काकांनी एकाकडून अर्थ लावून घेतला. मग क्रेनला लटकलेल्या घोडीकडे पाहिलं. म्हणाले, "हे पोट्ट्याच्या हाती लागलं तं पोट्ट्याचा बाप कोन हाय ते पाहाले जाऊ आपून."

मी त्या ओळींवर पांढरी शाई लावायचं ठरवलंय. प्रत्येक बिलावर. दुसरं कस्टमायझेशन.

१२ मार्च
ट्रायल रन. एक ट्रक पूर्णपणे सिस्टमने पाठवायचा, असं कालच जाहीर केलं होतं.

आमच्याकडची पद्धत अशी की आधी ट्रक निघतो, मग चलान बनतं, आणि चलान घेऊन कोणीतरी मोटरसायकलवर ट्रकच्या मागे जातं. साधारण सुपेल्याच्या चौकात गाठ पडते. सॉफ्टवेअरची पद्धत: तपासणी, मंजुरी, बिल, गेट पास, मग ट्रक. मी ट्रक गेटवर थांबवला. तपासणी झाली. मंजुरीसाठी सेठजींच्या केबिनकडे गेलो तर कुलूप. सेठजी डोंगरगडला देवीला गेले होते, किल्ली त्यांच्या खिशात.

ट्रक उन्हात उभा. ड्रायव्हर केवलराम बॉनेटला टेकून माझ्याकडे बघत होता. मी जरा पाणी प्यायला गेलो तेवढ्यात काकांनी गेट उघडलं.

बिल संध्याकाळी सेठजी आल्यावर बनवलं. वेळ सकाळची टाकायची होती, सॉफ्टवेअरने संध्याकाळचीच टाकली. त्याला समजूतदारपणा कमी आहे.

तरी ट्रायल यशस्वी म्हणायला हरकत नाही. ट्रक पोचला.

१३ मार्च
केबिनचं माप घेतलं. टेबल खिडकीकडे तोंड करून ठेवावं, म्हणजे येणाऱ्याला आधी पाटी दिसेल, मग मी.

२४ मार्च
सेठजींनी विचारलं, किती झालं. म्हटलं, नव्वद टक्के. ते म्हणाले, पिछले महीने भी नब्बे था. मी समजावलं की मधल्या काळात शंभराची व्याख्या वाढली. सेठजींनी मान हलवली. मला वाटतं, पटलं.

बाकी काय राहिलंय: एक्स्पायरी, तळाच्या ओळी, काकांचे कान, सेठजींची किल्ली, माझं नाव. मूळ सिस्टम तयार आहे.

३० मार्च, पाडवा
आईने गुढीजवळ माझा लॅपटॉप ठेवला आणि त्याला हळदकुंकू लावलं. कुंकू 'एंटर'च्या फटीत गेलं. मी चिडलो नाही. ब्रशने काढलं. आई म्हणाली, "दिपालीच्या घरून आजबी फोन नाई आला. तू एक तारखेले म्यानेजर होऊन जाय, मंग मीच करतो फोन."
परवा.

१ एप्रिल, सकाळी ९
आजपासून सगळं सर्वसुलभवर. नारळ फोडला. काकांनी खडू खिशात घातला होता, तो मी काढून घेतला. म्हटलं, काका, आजपासून नाही.

पहिलाच माल सिमेंट फॅक्टरीचा. त्यांची भट्टी दुरुस्तीसाठी थांबलेली आहे आणि ब्रॅकेट आजच्या आज लागणार आहेत. सेठजींनी बजावलं, आज चुकलं तर पुढची ऑर्डर दुसऱ्याला जाईल. बिल बनवलं. किल्ली आधीच मागून ठेवली होती. सेठजींच्या लॉगिनमधून तपासलं, मंजूर केलं. तळाच्या ओळींवर पांढरी शाई लावली. केवलराम ट्रक घेऊन निघाला. चलान आधी, ट्रक नंतर. कारखान्याच्या इतिहासात पहिल्यांदा.
बिलात एकही अक्षर अशुद्ध नाही.

११.४०
केवलरामचा फोन. फॅक्टरीच्या गेटवर अडवलंय. "नाव नइ मिलत हे कहिथे भइया." त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये ROLLAR BRAKET, आपल्या बिलावर ROLLER BRACKET. अक्षर न् अक्षर जुळल्याशिवाय त्यांचं सॉफ्टवेअर गेट पास देत नाही. त्यांनीही रेडीमेडच घेतलेलं दिसतंय.

१२.१५
सेठजी म्हणाले, "जैसा उन्होंने लिखा है वैसा लिख दे, बात ख़तम." मी तत्त्व समजावून सांगितलं. सेठजी मध्येच उठून गेले.

चूक त्यांची आहे, तर सुधारायची संधीही त्यांनाच दिली पाहिजे. फॅक्टरीच्या स्टोअरला मेल पाठवला. नम्र आणि मुद्देसूद. दोन्ही शब्दांची व्युत्पत्तीही दिली. खाली लिहिलं, सिद्धांत हटवार, नियोजित सिस्टम मॅनेजर.

१२.४०
उत्तर आलं. एकच ओळ. ऑर्डरमध्ये आहे तसंच बिल पाठवावं. खाली नाव: दिपाली.
दुर्ग-भिलाईत हे नाव पुष्कळ मुलींचं असतं.

१.०५
ठीक आहे. आजच्यापुरतं, निषेध नोंदवून, बदलून देऊ. आयटम लॉक आहे, तो माझ्या लॉगिनमधून उघडतो.
लॉगिन होत नाही.

१.२०
नीतू मॅडम आनंदात होत्या. "बधाई हो सर, आपकी रिक्वेस्ट आज सुबह ही क्लोज़ हुई है." जानेवारीतली तक्रार. SIDANT काढून टाकला, SIDDHANT नवा बनवला. नवीन माणसाला फक्त बघण्याचा अधिकार असतो. म्हटलं, मॅडम, जुनाच परत द्या. म्हणाल्या, "लेकिन सर, उसमें तो आपका नाम ग़लत था न?"
अधिकारांसाठी नवी रिक्वेस्ट टाकायची. नंबराने होईल.
सेठजींच्या लॉगिनमधून फक्त मंजूर-नामंजूर करता येतं. तसं मीच ठेवलं होतं.

१.३०
स्क्रीनवर वर उजव्या कोपऱ्यात माझं नाव दिसतंय. बरोबर लिहिलंय.

२.१०
सेठजींनी खालच्या खणातून जुनं बिलबुक काढलं. स्वतः कार्बन घातला. पेन माझ्या हातात दिला आणि बाजूला उभे राहिले. काकाही आले. बाकीचे ग्राइंडर बंद करून आले.

ROLL पर्यंत हात नीट चालला. मग थांबला. काका म्हणाले, "लिव्ह बाप्पा, A लिव्ह. केवलराम उपाशी हाय तिकडं." लिहिला. दुसऱ्या शब्दात K च्या आधी हात आपोआप C कडे वळला. तो कागद रद्द. दुसऱ्या कागदावर लिहिलं. माझं अक्षर वळणदार आहे, त्यामुळे ते आणखी वाईट दिसत होतं.

सेठजी म्हणाले, "शाबाश. अब स्कूटर से जा और खुद देके आ."

संध्याकाळी ६
गेलो. भिलाई-३ च्या पुढे धूळ फार. केवलराम ट्रकच्या सावलीत बसला होता, त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. स्टोअरच्या खिडकीत बिल सरकवलं. आत दिपाली.
तीच. दुर्गची.

तिने काही ओळख दाखवली नाही. बिलावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. आर. ओ. एल. एल. ए. आर. माझ्या मागे ट्रकवाल्यांची रांग होती, तीही ऐकत होती. दुसरा शब्दही तसाच वाचला. मग शिक्का मारला आणि म्हणाली, "आता बरोबर हाय."

मी विचारलं, हे मुळात तुम्ही टाकलं का? म्हणाली, तिच्या कितीतरी आधीच्या माणसाने टाकलं होतं. ते बदलायला अर्ज केला, तर अर्ज मंजूर होईपर्यंत त्यांचं सॉफ्टवेअर तो भागच बंद दाखवतं. भट्टी काय स्पेलिंगसाठी थांबते का? म्हणून ती रोज सकाळी येऊन मन घट्ट करते आणि चुकीचं टाइप करते. गेट पास माझ्या हातात देत म्हणाली, "स्पेलिंग मले बी येते."

माझ्या तोंडून 'मला' निघून गेलं.
तिने गेट पास परत घेतला. बऱ्याच वेळाने दिला.

२ एप्रिल
भट्टी सुरू झाली. ऑर्डर वाचली. सेठजी माझ्याशी बोलत नाहीत. रागावले असते तर बोलले असते, म्हणजे ही चांगली खूण आहे.

४ एप्रिल
सिस्टम सुरळीत चालू. बिल हाताने बनतं, ट्रक जातो, आणि दुपारी, जे होऊन गेलं त्याचे रिकामे रकाने मी सर्वसुलभमध्ये बघतो. भरण्याचा अधिकार अजून यायचाय. सेठजींच्या साडूचा फोन आला होता, चल रहा है क्या? सेठजी म्हणाले, एकदम बढ़िया. मग त्यांनी विचारलं, तुम्हारा? पलीकडूनही एकदम बढ़िया.

काकांनी खडू परत मागितला. दिला.

काचेच्या केबिनमध्ये रंगाचे डबे ठेवले आहेत. तात्पुरते असतील. त्यांना मात्र एक्स्पायरी डेट आहे.

९ एप्रिल
पाटी आली.

जानेवारीत ऑर्डर दिली होती, पेंटरने आज आणून दिली. कारखान्याचा बोर्ड ज्याने रंगवला तोच पेंटर, हे मला आज कळलं. निळ्यावर पिवळी अक्षरं, किनार सुरेख. SIDANT. खाली SISTEM MANEGER.

मी सेठजींना दाखवली. त्यांनी लांब धरून पाहिली. म्हणाले, अब बन गई है तो लगा ले. केबिन तर नाही, म्हणून डिस्पॅचच्या खिडकीवर लावायची ठरली. खिळा काकांनी ठोकला. मी पाण्याची लेव्हल ठेवून पाहिली. पाटी अगदी सरळ आहे. लांबून कोणी वाचत नाही. केवलरामने तर पाटीला हात लावून नमस्कार केला. त्याने चेष्टा केली असं काकांचं मत आहे. मला तसं वाटत नाही.

घरी आलो तर आई खुशीत. दुर्गहून फोन आला होता, खुद्द दिपालीचा. म्हटलं, होकार? आई म्हणाली, होकार नाही, नकार बी नाही. तिने एकच विचारलं, तुमचा मुलगा घरी 'मले' म्हणतो की 'मला'? आईने सांगितलं, "मले म्हनते, मले. लहानपनापासून मलेच म्हनते." मग दिपाली बराच वेळ हसली आणि म्हणाली, ठीक आहे, विचार करून सांगतो.

मी आईवर चिडलो. म्हटलं, खोटं कशाला सांगितलं? या घरात जानेवारीपासून एकच माणूस शुद्ध बोलतो आणि तो मी आहे. आई पोळी लाटता लाटता म्हणाली, "हाव का? मंग आत्ता आल्या आल्या बाहेरून काय वरडला तू? आई, मले पानी दे."

मले आठवत नाही.